मोटारगाडीची जाहिरात आणि लुप्तावयव अनुमान

मोटारगाड्यांच्या जाहिराती प्रेक्षकांच्या भावनांना आवाहन करतात, ही गोष्ट इतकी उघड आहे की तेवढे सांगून थांबणारे विवेचन फारसे उपयोगाचे ठरत नाही. घाटातील वळणांचा रस्ता, मागच्या आसनावर निर्धास्त झोपलेले मूल, शेजाऱ्याची वळलेली मान ही सारी विभावांची परिचित सामग्री होय. तिच्यातून उत्साह, वात्सल्य किंवा असूया जागी होते हे कोणालाही दिसते. परंतु मोटार ही साबणाच्या वडीसारखी जाता जाता घ्यावयाची वस्तू नव्हे. मध्यमवर्गीय कुटुंबात घराच्या खालोखाल मोठा खर्च बहुधा तिचाच असतो. एवढ्या मोठ्या निर्णयापर्यंत नुसता भावनेचा उमाळा माणसाला नेऊन पोहोचवीत नाही. आपण विचार करून ही गाडी घेतली, असे ग्राहकाला स्वतःशी म्हणता आले पाहिजे. जाहिरातीचे खरे कसब हे समाधान पुरविण्यात आहे.

ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात मन वळविण्याची तीन साधने सांगितली आहेत: वक्त्याचे शील, श्रोत्याची भावावस्था आणि प्रतिपादनातील युक्तिवाद. या तिसऱ्या साधनात त्याने एका विशिष्ट प्रकारच्या अनुमानाला मानाचे स्थान दिले. श्रोत्याला जे ठाऊकच आहे ते विधान वक्ता उच्चारीत नाही, श्रोता ते मनातल्या मनात भरून घेतो आणि निष्कर्षाला येतो. यालाच लुप्तावयव अनुमान म्हणता येईल. (अवयवाचा लोप हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण मानावे की नाही याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, प्रस्तुत विषयापुरता तो वाद बाजूस ठेवण्यास हरकत नाही.) आनंदवर्धनाचा ध्वनिविचार निराळ्या वाटेने याच ठिकाणाजवळ येतो. व्यंग्यार्थ सहृदयाच्या मनात उमलतो, म्हणूनच तो वाच्यार्थापेक्षा अधिक आपलासा वाटतो. स्वतः पुरविलेल्या विधानाशी सहसा कोणी भांडत नाही.

या दृष्टीने फोक्सवॅगन कंपनीच्या अमेरिकेतील जाहिराती विशेष अभ्यसनीय आहेत. नाझी राजवटीच्या योजनेतून जन्मलेली ही बुटकी जर्मन गाडी महायुद्ध संपून पंधरा वर्षेही झाली नव्हती अशा वेळी अमेरिकनांना विकावयाची होती. आणि त्या काळचा अमेरिकन ग्राहक लांबरुंद, क्रोमने मढविलेल्या गाड्यांवर लुब्ध होता. वक्त्याच्या शिलाचे भांडवल येथे शून्याच्याही खाली होते. डॉइल डेन बर्नबाख या संस्थेने 1959 मध्ये हे काम हाती घेतले आणि विल्यम बर्नबाख, लेखक ज्युलियन कोनिग व कलादिग्दर्शक हेल्मुट क्रोन यांनी गाडीचे उणेपणच पुढे मांडण्याचे ठरविले. पहिल्या गाजलेल्या जाहिरातीत वाचकाला छोटा विचार करण्यास सांगितले होते. बहुतेक पान कोरे आणि एका कोपऱ्यात इवलीशी गाडी. 1960 च्या जाहिरातीत गाडीच्या चित्राखाली ‘लेमन’ हा एकच शब्द होता. अमेरिकन बोलीत सदोष निघालेल्या वस्तूला लिंबू म्हणतात. खालच्या मजकुरावरून कळते की आतील एका कप्प्याच्या क्रोमपट्टीवर डाग आढळल्यामुळे तपासनिसाने ही गाडी बाजूला काढली होती.

आपल्या साहित्यशास्त्रात या रीतीला व्याजस्तुती असे नेमके नाव आहे. निंदेच्या मिषाने केलेली ही स्तुती केवळ चमत्कृतीसाठी नाही, तर तिच्यात एक अनुमान दडलेले आहे. जो आपला क्षुल्लक दोष आपण होऊन सांगतो तो मोठा दोष लपविणार नाही, हे विधान जाहिरातीत कोठेही छापलेले नाही. ते वाचकाने पुरवावयाचे असते, आणि पुरवीत असताना आपण फार चाणाक्ष आहोत असेही त्याला वाटून जाते.

1964 चा दूरचित्रवाणीपट याहूनही मितभाषी आहे. पहाटेच्या अंधारात, दाट हिमवर्षावात एक मनुष्य आपली फोक्सवॅगन घेऊन निघतो, एका मोठ्या शेडपाशी उतरतो आणि थोड्याच वेळात बर्फ दूर सारणारे अवजड यंत्र बाहेर पडते. ते यंत्र चालविणारा कामावर कसा पोहोचतो, एवढेच निवेदक विचारतो. इंजिन मागील चाकांवर असल्याने पकड चांगली मिळते, किंवा वाऱ्याने थंड होणाऱ्या इंजिनात गोठावयाला पाणीच नसते, यांपैकी एक अक्षरही त्यात नाही. रस्ता मोकळा होण्यापूर्वी जी गाडी जाऊ शकते ती कोठेही जाईल, हा निष्कर्ष प्रेक्षकाचा. भावनेची उठाठेव न करता मन वळविण्याचे हे उदाहरण आजही क्वचितच मागे टाकले गेले असेल.

मात्र अनुक्त विधान श्रोत्यापाशी असावे लागते. टाटा नॅनो 10 जानेवारी 2008 रोजी नवी दिल्ली येथे लोकांसमोर आली ती एक लाख रुपयांची गाडी म्हणून. एका स्कूटरवर दाटीने बसून जाणारे कुटुंब पाहून ही कल्पना सुचल्याचे रतन टाटा यांनी सांगितले होते; त्या चित्रातील करुणा अस्सल होती आणि किंमतीचा युक्तिवाद बिनतोड होता. परंतु पहिलीच मोटार घेणाऱ्या कुटुंबापाशी ‘साधेपणा म्हणजे शहाणपणा’ हे विधान तयार नव्हते. मोठी गाडी परवडत असून लहान घेणाऱ्या अमेरिकनाला छोटेपणा मिरविता आला. येथे मात्र सर्वांत स्वस्त गाडी दारात उभी करणे म्हणजे आपली ऐपत चारचौघांत जाहीर करणे होते. ‘स्वस्त’ हा शिक्का बसणे ही चूक होती, असे पुढे टाटा यांनीही म्हटले.

अनुक्त विधान खोटे असेल तर काय होते, हा प्रश्न याहून गंभीर आहे. व्होल्वोच्या 1990 मधील जाहिरातीत प्रचंड चाकांचा ट्रक गाड्यांच्या रांगेवरून जातो आणि एकटी व्होल्वो शाबूत राहते. तिला आतून आधार दिलेला होता आणि इतर गाड्यांचे खांब कमकुवत केलेले होते, हे उघडकीस आल्यावर जाहिरात मागे घ्यावी लागली. हा सरळ बनाव होता व म्हणून सापडला. 2015 च्या आरंभी अमेरिकेत दाखविलेल्या फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांच्या विनोदी जाहिरातींचे तसे नाही. त्यांतील एकीत तीन वृद्ध स्त्रिया डिझेल घाणेरडे असते की नाही यावर वाद घालतात आणि त्यांपैकी एक आपला पांढरा स्कार्फ धुराच्या नळीशी धरून तो स्वच्छच राहिल्याचे दाखविते. प्रयोगात खोटे असे काहीच असण्याचे कारण नाही, कारण काजळी गाळणीत अडते. पण ‘जे घाण असते ते पांढऱ्या कापडावर दिसते’ हे विधान प्रेक्षकाने घरच्या धुण्याच्या अनुभवातून पुरविले, आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कापडावर दिसत नाहीत. 18 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जाहीर केले की चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते उत्सर्जन कमी करणारी संगणकीय योजना या गाड्यांत बसविलेली होती. रस्त्यावर हे वायू अनुमत प्रमाणाच्या चाळीसपटीपर्यंत बाहेर पडत. जगभरच्या सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत ही योजना असल्याचे कंपनीने मान्य केले. लहान डाग स्वतःहून दाखविणारा मोठा डाग लपवीत नाही, हे 1960 चे गृहीतक ज्या कंपनीने लोकांच्या मनात रुजविले, तीच ही कंपनी.

कायद्यापुढील अडचण येथे सुरू होते. उच्चारलेले विधान खरे की खोटे हे तपासता येते. न उच्चारलेले विधान जाहिरातीचे की प्रेक्षकाचे, हे ठरविणे कठीण. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मार्च 2016 मध्ये ‘स्वच्छ डिझेल’च्या प्रचाराविरुद्ध दावा दाखल केला, तेव्हा जाहिरातीने ध्वनित केलेला अर्थही तिच्यावरच बांधला. भारतात 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडविणाऱ्या जाहिरातीला दिशाभूल करणारी ठरविले आहे. मौनाचा अर्थ लावण्याचे जे काम आजवर आलंकारिकांकडे होते, ते या व्याख्येमुळे न्यायासनापुढे येऊन पडले आहे. आणि व्यंग्यार्थ नेमका कोणाचा, या जुन्या वादाला तेथे दंडाच्या रकमेचे परिमाण लाभले आहे.