शेळ्यांच्या गोठ्यावर सोलर कॅमेरा

ताईंनो, गोठा शेतात असेल तर दुकानदाराला आधी विचारा, कॅमेरा वायफायचा की सिमचा? घरचं वायफाय शेतापर्यंत पोचत नाही. सिमवाल्याला रिचार्ज लागतो, तो खर्च आधीच धरा.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून तिरकं बसवा, सावली नको. धूळ बसली की चार्जिंग कमी होतं, फडक्याने पुसत जा. बहुतेक सोलर कॅमेरे हालचाल झाली तरच जागे होतात, म्हणून बॅटरी टिकते. (कुत्रं गेलं तरी फोन वाजणार!)

हात पोचणार नाही इतका उंच लावा. चित्रण आतल्या कार्डात असेल तर कॅमेऱ्याबरोबर पुरावाही चोरीला जाईल. शेजारणीची न्हाणी त्यात दिसता कामा नये.

आणि ॲप तुमच्याच फोनवर घ्या. शेळ्या तुमच्या, मग रात्री फोन फक्त मालकांचाच का वाजावा?