क्रिएटिन पूरकांचा स्मृती व विचारगतीवरील परिणाम

क्रिएटिन हे मानवी शरीरात तयार होणारे एक नायट्रोजनयुक्त सेंद्रिय संयुग आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेव्ह्रल यांनी १८३२ मध्ये ते मांसातून वेगळे केले. त्याची पूरके मुख्यतः स्नायूंची ताकद वाढवण्यासाठी घेतली जातात. स्मरणशक्ती व विचारगती यांवरील त्यांच्या परिणामांचाही अभ्यास झाला आहे.

कार्यप्रणाली

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असले, तरी विश्रांतीच्या अवस्थेत तो शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. ही ऊर्जा एटीपी या रेणूपासून मिळते. खर्च झालेले एटीपी फॉस्फोक्रिएटिनच्या साहाय्याने त्वरेने पुन्हा तयार होते. हा साठा वाढल्यास ताणाच्या वेळी मेंदूला ऊर्जा कमी पडणार नाही, अशी यामागील संकल्पना आहे. मात्र रक्त-मेंदू अडथळ्यामुळे बाहेरून घेतलेले क्रिएटिन मेंदूत अल्प प्रमाणातच पोहोचते.

आहाराशी संबंध

मांसात किलोमागे साधारणतः ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन असते. सोलापूर जिल्ह्यातील शाकाहारी जेवणातील ज्वारीची भाकरी, डाळी व शेंगदाण्याची चटणी या पदार्थांत ते जवळजवळ नसते. शाकाहारी व्यक्तींच्या स्नायूंतील क्रिएटिन त्यामुळे कमी आढळते. मेंदूतील प्रमाण मात्र मांसाहारी व्यक्तींइतकेच असल्याचे दिसून आले आहे, कारण मेंदू स्वतःही क्रिएटिन तयार करतो.

संशोधन

कॅरोलिन रे व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातील ४५ शाकाहारी तरुणांवरील चाचणी प्रसिद्ध केली. सहा आठवडे रोज ५ ग्रॅम क्रिएटिन घेतल्यावर उलट क्रमाने अंक आठवणे आणि वेळेच्या मर्यादेतील बुद्धिमापन या दोन्हींत सुधारणा दिसली. २०२३ मध्ये १२३ व्यक्तींवर याच मात्रेची व कालावधीची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत परिणाम झालाच तर तो अतिशय अल्प असल्याचे, तसेच शाकाहारी व मांसाहारी यांच्यात फरक नसल्याचे आढळले. २०२४ मध्ये जर्मनीतील एका छोट्या प्रयोगात, रात्रभर जागरण केलेल्या १५ व्यक्तींना एकच मोठी मात्रा दिल्यावर विचारप्रक्रियेचा वेग सुधारला. त्याच वर्षी १६ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात स्मृती व प्रक्रियागतीत लाभ दिसला, परंतु एकूण बोधनक्षमतेत नाही. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये, क्रिएटिनमुळे बोधनक्षमता सुधारते असा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, असे मत दिले.

सुरक्षितता

निरोगी प्रौढांसाठी रोज ३ ते ५ ग्रॅम मात्रा सामान्यतः सुरक्षित मानली जाते. स्नायूंत पाणी साठल्याने वजन किंचित वाढू शकते. क्रिएटिनचे रूपांतर क्रिएटिनिनमध्ये होत असल्याने रक्तचाचणीत क्रिएटिनिन वाढलेले दिसू शकते आणि मूत्रपिंडविकाराचा चुकीचा संशय येऊ शकतो. म्हणून चाचणीपूर्वी डॉक्टरांना पूरक घेत असल्याचे सांगणे आवश्यक ठरते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ते वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये. परीक्षेच्या काळात पुरेशा झोपेला पर्याय म्हणून क्रिएटिन वापरण्यास सध्याच्या संशोधनाचा आधार नाही.