व्हिटमन अव्हेन्यूचे हिरवट ससे

न्यू जर्सीतल्या एडिसनला नव्याने आलेल्या मराठी माणसाला ओक ट्री रोड दाखवावा लागत नाही, तो त्याला चहा-फरसाणाच्या ओढीने आपोआप सापडतो. मी त्याला व्हिटमन अव्हेन्यूची गोष्ट सांगते. तिथे 1954 ते 1970 कीटकनाशकांचा कारखाना होता, केमिकल इन्सेक्टिसाइड कॉर्पोरेशनचा. कंपनी बुडाली, आर्सेनिक आणि डायॉक्सिन मातीतच राहिलं. तिथल्या सशांची लव एका तणनाशकाने हिरवट झाली होती म्हणतात.

हे प्रकरण धसाला लावलं ते रॉबर्ट स्पीगल यांनी. ते ना शास्त्रज्ञ ना वकील. व्यवसायाने पेस्ट्री शेफ! 1989 मध्ये त्यांनी एडिसन वेटलँड्स असोसिएशन काढली. पुढच्याच वर्षी ही जागा ‘सुपरफंड’च्या, म्हणजे केंद्र सरकारने साफ करायच्या विषारी जागांच्या यादीत आली. माती उपसून न्यायला मात्र पुढे दीड दशक गेलं. रॅरिटन नदीकाठचं किन-बक डम्पिंगही एडिसनमधलंच. तिथे सुमारे 7 कोटी गॅलन घातक द्रव ओतलं गेलं.

असं विष कोणाच्या दारात पडतं? नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरेन काउंटीत, बहुसंख्य कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, 1982 मध्ये पीसीबी या विषारी रसायनाने दूषित माती पुरायला आणली तेव्हा लोक ट्रकसमोर आडवे झाले. आमच्या राज्यात न्यूअर्कच्या आयर्नबाउंड भागातल्या संघटना बंदराचा धूर आणि कचरा जाळणारी भट्टी सोसत वर्षानुवर्षं भांडल्या. त्यातून सप्टेंबर 2020 चा कायदा आला. आधीच प्रदूषणाने पिचलेल्या वस्तीवर नवा प्रकल्प इतरांपेक्षा जास्त भार टाकणार असेल, तर राज्याला परवानगी नाकारावीच लागते. अपवाद आहे, पण अरुंद.

‘पिचलेली वस्ती’ ठरवायचे निकष तीन: किमान 35 टक्के घरं कमी उत्पन्नाची, किंवा 40 टक्के रहिवासी अल्पसंख्याक, किंवा 40 टक्के घरांत इंग्रजी तोकडं. एडिसनमध्ये निम्म्याहून जास्त लोक आशियाई वंशाचे. म्हणजे दारात टेस्ला उभी असलेले आमचे कितीतरी लोक या व्याख्येत बसतात! हे सांगितलं की लोक हसतात. कायद्याची खरी गरज आयर्नबाउंडला जास्त आहे, यात मला शंका नाही. पण भस्मीकरण भट्टी किंवा कचऱ्याचं ट्रान्सफर स्टेशन आमच्या वस्तीत येणार असेल, तर कायद्याने सुनावणीही इथेच घ्यावी लागते, आणि तिची सूचना गरजेप्रमाणे इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेतल्या स्थानिक वृत्तपत्रातही द्यावी लागते.

आपला ब्लॉक यात येतो का, हे राज्याच्या पर्यावरण खात्याच्या नकाशावर दिसतं. आणि सुनावणीत बोलायला नागरिकत्व लागत नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-दहा वर्षं उभे असलेल्यांना मी हे मुद्दाम सांगते; मत देता येत नाही, पण माइक हातात घेता येतो.