एकशे एक शाखा, एकच यज्ञ

मुंजीत बटूला अभिवादन शिकवतात. त्यात गोत्र-प्रवरांबरोबर सूत्र आणि शाखा यांचाही उच्चार असतो. गोत्राची चौकशी पुढे लग्न ठरवताना होते. सूत्र आणि शाखा मात्र बहुतेक घरांत त्या दिवसापुरतीच आठवतात. प्रत्यक्षात वैदिक कर्मकांडाची सारी रचना या दोहोंवरच उभी आहे.

मोठ्या सोमयागात कामांची वाटणी ठरलेली असते. होता ऋचा म्हणतो, उद्गाता साम गातो, ब्रह्मा चुकांवर लक्ष ठेवतो आणि वेदी आखण्यापासून आहुती देण्यापर्यंतचे हातचे काम अध्वर्यू करतो. यजुर्वेद हा या अध्वर्यूचा वेद. पतंजलीने महाभाष्यात ऋग्वेदाच्या २१, सामवेदाच्या १०००, अथर्ववेदाच्या ९ आणि यजुर्वेदाच्या १०१ शाखा सांगितल्या आहेत. यजुर्वेदाच्या आज सहाच संहिता हाती आहेत. तैत्तिरीय, मैत्रायणी, काठक आणि अपूर्ण अवस्थेतली कपिष्ठल-कठ या कृष्ण यजुर्वेदाच्या. माध्यंदिन आणि काण्व या शुक्ल यजुर्वेदाच्या. कृष्ण यजुर्वेदात मंत्र आणि त्यांचे विवेचन एकत्र गुंफलेले आहे. शुक्ल यजुर्वेदाने मंत्र ४० अध्यायांच्या संहितेत ठेवले आणि विवेचन शतपथ ब्राह्मणाकडे सोपवले.

शाखेने मंत्रांचा पाठ जपला, तर सूत्राने विधीचा क्रम. म्हणून एका शाखेची अनेक सूत्रे असू शकतात. बौधायन, भारद्वाज, आपस्तंब, हिरण्यकेशी ही सारी तैत्तिरीयांची. मानव आणि वाराह मैत्रायणीयांची. कात्यायन श्रौतसूत्र आणि पारस्कर गृह्यसूत्र शुक्ल यजुर्वेद्यांची. आपस्तंबाचे कल्पसूत्र ३० प्रश्नांचे, म्हणजे अध्यायांचे आहे. पहिले २४ प्रश्न श्रौतयागांचे, पुढचे दोन मंत्रपाठाचे, मग एक गृह्यसंस्कारांचा, दोन धर्माचे आणि शेवटचा शुल्बाचा, म्हणजे वेदीच्या भूमितीचा.

इतक्या शाखा म्हटल्यावर मतभेद आलेच. अग्निहोत्राची आहुती सूर्योदयापूर्वी द्यावी की नंतर, यावर ब्राह्मणग्रंथांत खडाजंगी आहे. ऐतरेय ब्राह्मण सूर्योदयानंतरच्या होमाची बाजू घेते. मग शाखा बदलली की अग्निहोत्रही वेगळे का? जैमिनीच्या मीमांसेचे उत्तर स्पष्ट आहे: कर्म सर्व शाखांत एकच, तपशील वेगळे. हे मान्य झाल्यामुळे आपला पाठ जपताना दुसऱ्याचा खोटा ठरवण्याची गरज उरली नाही. शाखा म्हणजे पंथ नव्हे, हे यातून लक्षात येते.

महाराष्ट्रात हे वैविध्य अजून दिसते. देशस्थांत ऋग्वेदी आश्वलायन आहेत, तसे यजुर्वेदी माध्यंदिनही. कोकणस्थांत आश्वलायनांच्या जोडीला हिरण्यकेशी आहेत. माध्यंदिन वैदिक ‘पुरुष’ हा शब्द ‘पुरुख’ असा म्हणतात, तो अशुद्ध उच्चार नव्हे, शाखेचा नियम आहे. मैत्रायणीय शाखेची परंपरा नाशिक-खानदेशाकडे राहिली.

छापखान्याने बरेच वाचवले. लिओपोल्ड फॉन श्रोडर यांनी १८८१ ते १८८६ या काळात लाइपझिगहून मैत्रायणी संहिता प्रसिद्ध केली. पुण्यात आनंदाश्रमाने हिरण्यकेशींचे सत्याषाढ श्रौतसूत्र छापले, तर वैदिक संशोधन मंडळाने ‘श्रौतकोश’ सिद्ध केला. पण स्वर, हस्तचालन आणि पाठाची लय छापील पानावर पूर्ण उतरत नाही. ती गुरूसमोर बसूनच शिकावी लागते. काठक संहिता छापील उपलब्ध आहे, पण तिची अखंड पाठपरंपरा उरलेली नाही.

युनेस्कोने २००३ मध्ये वेदपठण परंपरेचा गौरव केला, तेव्हा हजाराहून अधिक शाखांपैकी १३ च उरल्याची नोंद केली. संकटग्रस्त परंपरांच्या यादीत महाराष्ट्राचेही नाव होते. वेदपाठशाळांना देणगी देणाऱ्यांनी म्हणूनच एक प्रश्न जरूर विचारावा: इथे कोणती शाखा शिकवतात? मोठ्या शाखांना विद्यार्थी मिळतात. मैत्रायणीसारख्या लहान शाखेला एक विद्यार्थी आणि त्याच्या शिक्षणाचा संपूर्ण खर्च देणे, ही आजची खरी निकड आहे.