भातखाचरातलं नत्र येतं कुठून?

बंगालमधल्या कित्येक खाचरांत वर्षानुवर्षं खताचा कण पडत नव्हता, तरी भात पिकत होता. पीक दर हंगामाला जमिनीतलं नत्र ओढून नेतं. मग ही तूट भरून कोण काढतं? पी. के. डे यांनी तिथल्या मातीवर प्रयोग केले आणि १९३९ मध्ये उत्तर प्रसिद्ध केलं: खाचरातलं निळं-हिरवं शेवाळ. आपण शेवाळ म्हणतो, पण हे खरं तर उन्हावर जगणारे जिवाणू.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण त्याचे अणू तिहेरी बंधानं इतके घट्ट जखडलेले असतात की भाताला त्याचा थेट उपयोग शून्य. युरियासाठी लागणारा अमोनिया बनवायला कारखान्यात ४०० अंशांच्या वर तापमान आणि प्रचंड दाब लागतो. ॲनाबीना, नॉस्टॉक हे जिवाणू तोच बंध खाचराच्या कोमट पाण्यात तोडतात, नायट्रोजिनेज नावाच्या विकराच्या जोरावर!

खरी कमाल पुढेच आहे. या विकराला ऑक्सिजन लागला की ते निकामी होतं, आणि हे जिवाणू तर उन्हात स्वतःच ऑक्सिजन सोडतात. मग जमतं कसं? ॲनाबीनाची माळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. साधारण दहा-वीस पेशींमागे एक पेशी निराळी दिसते: जाड भिंतीची, जरा मोठी, फिकट. ती ऑक्सिजन बनवत नाही, बाहेरचाही फारसा आत येऊ देत नाही. शेजारणी तिला साखर पुरवतात, ती त्यांना नत्र देते. तिचं पुन्हा कधीच विभाजन होत नाही. माळेसाठी ती वंश सोडते. एवढ्याशा जिवात ही कामाची वाटणी पाहून मी थक्क होतो.

ॲझोला या तरंगत्या नेच्याच्या पानातल्या पोकळीतही असेच जिवाणू राहतात आणि बीजाणूंसोबत पुढच्या पिढीत जातात.

पण पाण्यात आयता अमोनिया मिळाला की शेवाळ त्या खास पेशी बनवणंच थांबवतं. म्हणजे युरियाचा भडिमार या फुकटच्या कामगारांना घरी बसवतो. शिवाय त्यातलं निम्म्याहून अधिक नत्र बहुधा पिकाला मिळतच नाही, हवेत आणि पाण्यात जातं. हे मला फार खटकतं.

शेवाळ चांगलं वाढलं तर हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नत्र मिळू शकतं. त्याला ऊन, साचलेलं पाणी आणि स्फुरद हवं. कोकणासारख्या आम्ल जमिनीत ते तितकंसं फोफावत नाही. तिथे लावणीआधी रोपांची मुळं ॲझोस्पिरिलमच्या द्रावणात बुडवण्याचा मार्ग आहे. हा जिवाणू नत्र देतो आणि मुळांची वाढही करतो.

म्हणून युरिया एकदम बंद करू नका, माती तपासून मात्रा हळूहळू उतरवा. जिवाणू खताचं पाकीट घेताना मुदत बघा, ते सावलीत ठेवा, आणि रासायनिक खतात मिसळू नका. आत जिवंत जीव आहेत.