जुना ओक, नवा ओटा: रंग राहतो कुठे?

मागच्या वेळी आपण वैशेषिकांची द्रव्य-गुण चर्चा केली. गुण द्रव्यात राहतो, घटाचे रूप घटात राहते, असे आम्ही सांगत होतो. व्याख्यान संपल्यावर न्यू जर्सीहून ऐकणाऱ्या एका बाईंनी विचारले, "सर, आमच्या किचनमधली ओकची कपाटं पंचवीस वर्षं आहेत तशीच आहेत. गेल्या वर्षी नुसता काउंटरटॉप बदलला आणि कपाटं एकदम केशरी दिसायला लागली. मग हा केशरी रंग आला कुठून?" काही जण हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. नवऱ्याचं म्हणणं, कपाटं काढून टाकू. बाईंचं म्हणणं, लाकूड अजून खणखणीत आहे. नव्या कपाटांचा आकडा ऐकून दोघेही गप्प बसले होते. म्हणून आजचा तास या प्रश्नाला देऊ.

पुण्यात ओक म्हटलं की आधी आडनाव आठवतं. इथे झाड अभिप्रेत आहे. आपल्या हिमालयातला बांज याच कुळातला. अमेरिकेत १९८० आणि १९९० च्या दशकांत बांधलेल्या असंख्य घरांत स्वयंपाकघराची कपाटं रेड ओकची असत. आपले मराठी लोक तिकडे स्थिरावले तेव्हा त्यांनी घेतलेली घरंही बरीचशी याच काळातली. या लाकडाच्या वाढीच्या प्रत्येक वलयात, वसंतात तयार होणाऱ्या भागात, मोठी छिद्रं असतात. ती नुसत्या डोळ्यांना दिसतात, बोटालाही लागतात. फळी सरळ कापली की दारावर कमानीवर कमान रचल्यासारखी नक्षी उठते. मूळ लाकूड फिकट, किंचित गुलाबी. त्यावर मधाच्या रंगाचा हात दिलेला. त्याच्यावर व्हार्निश, आणि ते तेलाच्या जातीचं असेल तर वर्षागणिक पिवळं होत जाणारं. शिवाय आपल्या घरांत चौथा थर असतो, तो फोडणीचा. वीस-पंचवीस वर्षांच्या तेलाच्या वाफेचा चिकट पापुद्रा शेगडीजवळच्या दारांवर बसलेला असतो, आणि तोही तांबूसच.

म्हणून दगड बघायला जाण्याआधी कपाटं पुसा. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं पिळून घ्यायचं, पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं. लाकूड भिजवायचं नाही. एखादं दार तरी नीट पुसून शेजारच्या दाराशी ताडून बघा. ज्या रंगाशी नवा ओटा जुळवायचा, तो आधी खरा दिसला पाहिजे.

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. पॅरिसमध्ये गोबेलँ नावाचा राजाश्रयाचा विणकाम कारखाना होता, मोठमोठी भित्तिचित्रं विणणारा. १८२४ मध्ये मिशेल शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगखात्याचे प्रमुख झाले. तक्रार अशी होती की तिथला काळा रंग निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत वापरला की मरगळलेला दिसतो. शेव्रलनी तो काळा रंग दुसरीकडच्या उत्तम काळ्यांशी ताडून पाहिला. रंगात काही खोट नव्हती. खोट शेजारात होती. डोळा कुठल्याही रंगाशेजारच्या रंगावर पहिल्याच्या विरोधी रंगाची झाक चढवतो, आणि काळ्याशेजारी निळा-जांभळा आला की काळ्यावर पिवळट-नारिंगी झाक येऊन तो विटल्यासारखा दिसतो. या विषयावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १८३९ चा. चित्रकारांनी पुढे तो डोक्यावर घेतला. त्यांच्यानंतर जवळपास सव्वाशे वर्षांनी, १९६३ मध्ये, योझेफ आल्बर्स यांनी याच गोष्टीवर एक पुस्तक सिद्ध केलं, नुसत्या रंगीत कागदांचे प्रयोग करून.

केशरीचा विरोधी निळा. बाईंनी घेतलेला ओटा थंड राखाडी क्वार्ट्झचा होता, त्यात पांढऱ्या रेषा. दुकानात पांढऱ्या भिंतीशी तो नुसता राखाडी वाटला. घरी ओकला टेकला आणि निळसर झाला. निळसर झाल्यावर त्याने ओकला आणखी केशरी केलं. दोघांनी एकमेकांना चढवलं म्हणा ना. लाकडाचा रेणूही बदलला नाही, दगडाचाही नाही. तरी बाईंना दिसलं ते खोटं नव्हतं. भ्रम म्हणून सोडून द्यावं असं ते नाही. त्या शेजारात कोणताही निरोगी डोळा तेच बघेल.

हे घरी करून बघता येतं. एकाच राखाडी कागदाचे दोन तुकडे करा. एक ओकच्या दारावर मधोमध चिकटवा, दुसरा पांढऱ्या भिंतीवर. चार पावलं मागे या.

यातून निवडीचा पहिला धडा निघतो. ओक राहणार असेल तर दगडातली झाक बघायची, त्याचं नाव बघायचं नाही. "ग्रे", "व्हाइट", "बेज" ही दुकानातली नावं फार थोडं सांगतात. राखाडीत निळं किती, की तपकिरी किती, हे विचारा. तपकिरीकडे झुकणारा राखाडी ओकशेजारी शांत राहतो. शुभ्र पांढरा ओकला मळकट ठरवतो. दुधाच्या सायीचा रंग त्याला सांभाळून घेतो. गुलाबी किंवा विटकरी ग्रॅनाइट लाकडाच्या लालीत भर घालतं. आणि सर्वांत फसवी निवड म्हणजे अगदी ओकच्याच रंगाचा दगड. लोकांना वाटतं, मॅचिंग झालं. होत नाही. जवळजवळ सारखे पण सारखे नसलेले दोन रंग शेजारी आले की जुळवायला गेले आणि चुकले असंच दिसतं. ब्लाऊजपीसच्या बाबतीत आपल्या आया-बहिणी हे जाणून होत्या. तंतोतंत मिळालं नाही तर त्या सरळ वेगळा रंग घेत.

आमचं स्वतःचं मत विचाराल तर मधाच्या रंगाच्या ओकला गडद दगड बरा. गडद, पण आरशासारखा चकचकीत नको, कारण त्यात वरची कपाटं उलटी दिसतात आणि केशरी रंग दुप्पट होतो. सोपस्टोन, म्हणजे आपला शंखजिऱ्याच्या जातीचा दगड, हिरवट-काळा, मऊसर दिसणारा, ओकला फार छान जातो. नखाने ओरखडा पडेल इतका तो मऊ असू शकतो, हे मात्र समजून घ्यावं. दुसरा दगड आपल्या ओळखीचा. आंध्रात ओंगोलजवळच्या चिमाकुर्तीच्या खाणींतून निघतो तो ब्लॅक गॅलेक्सी. काळ्यावर तांबूस-सोनेरी कण चमकतात. त्या कणांचा रंग ओकचाच भाऊबंद, त्यामुळे काळा असूनही तो परका वाटत नाही.

इथे आम्हाला अन्नंभट्टांची आठवण होते. तर्कसंग्रहात रूपाचे सात प्रकार सांगितले आहेत: शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित, कपिश आणि चित्र. विद्यार्थी सहा निमूटपणे पाठ करतात आणि सातव्याला अडतात. चित्र हा वेगळा रंग कसा? ठिपक्या-ठिपक्यांच्या कापडात जे रंग आहेत तेवढेच आहेत, त्यापलीकडे "चित्र" नावाचं आणखी काय? या मुद्द्यावर नैयायिकांतच वाद झाला. ग्रॅनाइट विकत घेताना हा वाद एकदम व्यवहारात उतरतो. हातभर अंतरावरून काळा, साय, तपकिरी असे कण वेगवेगळे दिसतात आणि आपण म्हणतो, वा, यात ओकचा कपिश आहे. जेवणाच्या टेबलावरून, दहा-बारा फुटांवरून, ते कण मिसळतात आणि एकच रंग दिसतो, कधी कधी चक्क गुलाबी. रोज आपण दोन्ही अंतरांवरून बघणार असतो. तेव्हा दुकानातही दोन्ही अंतरांवरून बघा.

नक्षीचंही तसंच. ओकच्या दारावर कमानी आहेत, त्या बोलक्या आहेत. त्याच्याखाली मोठ्या वाहत्या शिरांचा दगड घातला तर दोन गवई एकाच वेळी तान घेताहेत असं होतं. बारीक, एकसारखा कण किंवा जवळजवळ कोरा दगड घ्यावा.

उजेडाबद्दल थोडं. साडी घेताना बाई दुकानाच्या दाराशी जाऊन उन्हात पदर धरून बघते. ॲरिस्टॉटलनेही नोंदवलं आहे की दिव्याच्या उजेडात काम करणारे भरतकाम करणारे रंग निवडताना चुकतात. अमेरिकेत उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड थेट सूर्याचा नसून आकाशाचा, म्हणजे निळसर. संध्याकाळी छतातले दिवे लागतात. त्यांच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा असतो. २७०० चा दिवा पिवळा, तो ओकला आणखी केशरी करतो. ३५०० ते ४००० चा बराच निवळ. न्यू जर्सीच्या बाईंना आम्ही पहिली गोष्ट हीच सुचवली: काही फोडण्याआधी दिवे बदलून बघा. खर्च थोडा, आणि महिनाभर बघून ठरवता येतं. दुसरी गोष्ट भिंतीची. ओटा आणि वरची कपाटं यांच्यामधली पट्टी सायीच्या रंगाची केली तर राखाडी आणि केशरी यांची थेट गाठ निम्म्याने कमी पडते. ओक रंगवून पांढरा करायचा सल्ला त्यांना अनेकांनी दिला होता. तो घाईने घेऊ नये. छिद्रं आधी लांबीसारख्या भरणाने बुजवली नाहीत तर रंगाखालून ओकच्या रेषा वर येतातच, आणि एकदा रंगवलेला ओक पुन्हा लाकूड करणं फार कष्टाचं काम आहे.

रंग जमला तरी ओट्याला आपला स्वयंपाक सोसवला पाहिजे. ज्यांचं बालपण कडाप्प्याच्या ओट्याशेजारी गेलं त्यांना आठवेल, लिंबाची फोड राहिली की त्यावर पांढुरका डाग उठायचा. कडाप्पा हा चुनखडीचा दगड, आम्लाने खातो. संगमरवराचंही तेच. चिंच, कोकम, लिंबू रोज लागणाऱ्या घरात संगमरवर म्हणजे जिवाला घोर. ग्रॅनाइटला स्वयंपाकातल्या आंबटाचं काही होत नाही, पण फिकट ग्रॅनाइट तेल आणि हळद पिऊ शकतं. पाण्याचा थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा. खालचा दगड काळवंडला तर त्याला सीलर हवा. क्वार्ट्झ हा कारखान्यात केलेला दगड, वजनाने सुमारे नव्वद टक्के किंवा जास्त क्वार्ट्झ आणि बाकी रेझिन. तो पाणी पीत नाही. पण शेगडीवरून उतरवलेली कढई थेट ठेवली तर रेझिन भाजतं आणि डाग कायमचा. फिकट क्वार्ट्झवर हळदही रेंगाळते. ऊन लागलं तर ती फिकी पडते, धुणं वाळत घालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, पण ओटा उन्हात कसा नेणार!

आणखी एक गोष्ट, रंगाशी संबंध नसलेली, तरी सांगितलीच पाहिजे. हा कृत्रिम दगड कोरडा कापताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ कामगारांच्या फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा दगड बनवणं, पुरवणं, बसवणं यावर बंदी घातली आहे. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, पण पुष्कळ कमी. दगड कोणताही घ्या, कापणारा माणूस पाणी सोडून कापतो का, तोंडावर योग्य मास्क लावतो का, एवढं विचारायला गिऱ्हाइकाला कुणाची परवानगी लागत नाही.

जुन्या कपाटांचा प्रश्न वजनाचाही आहे. त्यांच्यावर आधी बहुधा भुशाच्या फळीवर लॅमिनेट चिकटवलेला हलका ओटा असतो. तीन सेंटिमीटर जाडीचं ग्रॅनाइट चौरस मीटरला ऐंशी किलोच्या आसपास भरतं. दारं ओकची असली तरी आतले खोके अनेकदा भुशाच्याच फळीचे, आणि सिंकखाली पाणी लागून फुगलेले. जुना ओटा निघाल्यावर खोके तपासून, पातळीत आणून, मगच मापं घ्यायला सांगा. पातळी चुकली तर दगड वाकत नाही, तडकतो. खोके फारच खचले असतील तर लॅमिनेट पुन्हा लावण्यात कमीपणा नाही. आजकाल त्यात सोपस्टोनसारख्या मंद रंगछटाही मिळतात.

शेवटी दुकानात जाताना काय न्यायचं ते. चार इंची नमुना घरी आणून भागत नाही, कारण तेवढ्याशा तुकड्याला शेजार घडवण्याइतकं अंग नसतं. कपाटाचं एक दार बिजागरीतून काढा, चार स्क्रू असतात, आणि तेच गाडीत घालून दगडाच्या वखारीत न्या. पुसलेलं दार, बरं का. अख्ख्या शिळेला ते उभं टेकवा, ओटा आणि दार प्रत्यक्षात भेटतात तसं: दगड आडवा वर, दार उभं खाली. शक्य असेल तर शिळा दाराबाहेर उजेडात काढायला सांगा. जी आवडेल तिच्यावर खूण करून घ्या, कारण त्याच नावाची दुसरी शिळा दुसऱ्या रंगाची असू शकते. आता प्रश्न घेऊ.