एमजीबीच्या डॅशबोर्डवरचा अंधार
१९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला तयार झालेल्या एमजीबी स्पोर्ट्‌स कारमधली विजेची बहुतेक साधनं लुकास कंपनीची. या कंपनीला गाडीवाले गमतीने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात. पण आज दिवे गेले, तर दोष बहुधा कंपनीपेक्षा पन्नास वर्षांच्या गंजाचा असतो.

सगळ्या मीटरचे दिवे एकदम गेले, तर लगेच बल्ब काढायला बसू नका. आधी पार्किंग लाइट लागतात का ते पाहा, कारण मीटरच्या दिव्यांना वीज त्याच सर्किटमधून येते. ते लागत असतील, तर संशय डिमरवर, म्हणजे या दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या नॉबवर. आतल्या तारेच्या वेटोळ्यावर गंज चढतो. नॉब भराभर इकडेतिकडे फिरवताना दिवे लुकलुकले, की चोर सापडला. बरेच जण डिमर वगळून दोन्ही वायरी सरळ जोडतात. मुळातच मिणमिणते असलेले हे दिवे आणखी मंद कोणाला करायचे असतात, कोण जाणे! एकच दिवा बंद असेल, तर बल्ब, होल्डर आणि काळी अर्थिंगची वायर तपासायची.

चार्जिंगचा लाल दिवा मात्र वेगळं प्रकरण आहे. अल्टरनेटर असलेल्या गाड्यांत चावी फिरवल्यावर या बल्बमधून जाणारा बारीकसा करंटच बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला जागं करतो. बल्ब उडाला, तर धडधाकट अल्टरनेटर असूनही बॅटरी चार्ज होईलच असं नाही. म्हणून तिथे एलईडी नको, साधा २.२ वॉटचा बल्बच बरा. आणि डॅशबोर्डमागे हात घालण्याआधी बॅटरीची वायर काढून ठेवा.